ऑगस्टच्या पानात नसलेला निकाल

शहादा,
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

ती. नवनीतमामा यांस,
सा. न.

चार महिने पत्र नाही, याची क्षमा मागते. कारणे सांगायला बसले तर त्यातली अर्धी खोटी निघतील. खरे एवढेच, की तुम्हाला फोन करून भागत नाही आणि पत्राला बसले की स्वतःशी खरे बोलावे लागते. ते मी टाळत होते.

आज कोर्टाला सुट्टी. बाहेर आदिवासी दिनाची मिरवणूक चालली आहे. ढोल इतके जवळ आहेत की टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरते. तुमच्याकडे तापीला पाणी किती आले? बॅरेजची दारे उघडली की तुम्हाला पायांतून कळते, असे मागे लिहिले होते. ते वाक्य मला अधूनमधून आठवते.

तुम्ही वकिलांसाठी सुरू केलेले निकालांचे पान अजून चालू आहे. दर महिन्याला चाळीस प्रती निघतात, आणि फोटो काढून वकिलांच्या ग्रुपवर जातो. गेल्या वर्षी नवे फौजदारी कायदे आले तेव्हा मी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता दिला होता, तो अजून कित्येकांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. मोबाइलवर रोज पन्नास निकाल येऊन पडतात, इंग्रजीत, कोणी वाचत नाही. आपल्या पानात मराठीत चार ओळी आल्या, की मगच तो निकाल शहाद्यात आला असे सगळे धरून चालतात. कधी कधी याची भीती वाटते.

आता विचारायचे ते. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या वादात निकाल दिला, रामचरण विरुद्ध सुखराम. आजोळच्या जमिनीतल्या आईच्या वाट्यासाठी मुले भांडत होती. खालच्या कोर्टांनी सांगितले होते, तुमच्या समाजात मुलीला वाटा मिळतो अशी रूढी सिद्ध करा. वरच्या कोर्टाने ते उलटे केले. मुलीला वाटा नाही असे जो म्हणतो त्याने तशी रूढी दाखवावी. ती दिसली नाही तर मुलगी आणि मुलगा सारखेच.

आमच्याकडे असाच एक दावा आहे. रूपलीबाई आणि तिचा भाऊ वीरसिंग, म्हसावदच्या वर, डोंगराच्या पायथ्याचे. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि नाल्याकडची दीड एकर अकरा वर्षे कसते आहे. भावाने आता तिला निघायला सांगितले, म्हणून वाटणीचा दावा. समोरच्या बाजूला वकील म्हणून तरुण आहे, पन्नालालशेठचा मुलगा. तो हिंदू वारसा कायद्यावर बोलत बसला आहे, जो अनुसूचित जमातींना लागूच नाही. नवा निकाल त्याने पाहिलेला नाही. तो पानाची वाट पाहतो.

तिच्या साक्षीच्या दिवशी तिला विचारले गेले, "जमिनीच्या चतुःसीमा सांग." तिने दिशा सांगितल्या नाहीत. पावसाचे पाणी कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते सांगितले. ज्वारी कोणत्या कोपऱ्यात आधी लोळते, सकाळचे ऊन कोणत्या दगडावर पहिल्यांदा बसते. टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मला वाटले, आम्ही सगळे त्या शेतात उभे आहोत आणि पाय ओले झाले आहेत.

मामा, हा निकाल दाव्याचे तोंडच फिरवतो. १६ सप्टेंबरला युक्तिवाद आहे. ऑगस्टच्या पानात तो घालू का? मला वाटते, या महिन्यात राहू द्यावा. का वाटते ते नीट लिहिता येत नाही.

आपली,
चेतना


सारंगखेडा,
१६ ऑगस्ट

चि. चेतना हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. काजलने पाटीवर लिहून विचारले, "कोणाचं?" मी म्हणालो, कोर्टाचं. ती सून असून माझी शिपाई झाली आहे. दिवसभर पाटी घेऊन हिंडते. परवा तिने लिहिले, "जेवण", आणि मी म्हणालो, "हरकत नाही, तहकूब." तिला हसताना पाहिले, ऐकले नाही. कान गेल्यापासून माणसे मला पाण्याच्या तळाशी बोलत असल्यासारखी दिसतात. वाईट नाही वाटत. आयुष्यभर इतके ऐकले, आता नुसते पाहतो.

तापी भरून आहे, गढूळ. यात्रेचे मैदान रिकामे. डिसेंबरात जिथे घोडे उभे राहतात तिथे आता गुडघाभर गवत आहे, आणि वारा आला की ते एका बाजूने पळाल्यासारखे दिसते.

तुझ्या प्रश्नाला इतका संकोच कसला? मी समजलो. तू तुझ्या बाईला जपते आहेस. चांगली वकील तशीच असते. तुझ्या हातात हुकमी पान आले आहे आणि ते आधीच छापून समोरच्याला तयारीला वेळ द्यायचा की नाही, एवढाच हा प्रश्न. नको देऊस. ऑगस्टला राहू दे. निकाल महिन्याने उशिरा छापल्याने कोणी मरत नाही. १६ तारखेला युक्तिवादात हळूच काढ, प्रत न्यायाधीशांना दे, एक तरुणला दे. तरुणचे तोंड बघायला मी यायला हवे होते. त्याच्या बापाकडून मी तीस वर्षे कापड घेतले, कधी मापात चूक सापडली नाही; पोरगा मात्र न वाचता उभा राहतो.

रूपलीबाईला माझा नमस्कार सांग. पाणी कुठून येते ते सांगणारी पक्षकार मला एकही मिळाली नाही.

तुझा,
नवनीतमामा


शहादा,
रविवार, २४ ऑगस्ट

ती. मामा,
सा. न.

तुमच्या पत्राप्रमाणे केले. शुक्रवारी पान निघाले. धनादेशाच्या खटल्यांवरचा एक निकाल, ई-फायलिंगच्या सूचना, समन्स मोबाइलवरून बजावण्याबद्दल चार ओळी. गोंड कुटुंबाचा निकाल नाही. त्या जागेत सणांच्या सुट्ट्यांची यादी टाकली.

तरुणने बाररूममध्ये उभ्या उभ्या पान वाचले. "ताई, या पानमा काय मजा नई," म्हणाला. "यादी छापाले तू कसाले लागस? यादी तर आमना दुकानना कॅलेंडरमा बी शे." सगळे हसले. मीही हसले. मग त्याने पान नेहमीसारखे चौघडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. त्याचा तो विश्वासाने ठेवलेला हात मला दिवसभर दिसत राहिला.

मामा, तुम्ही चुकलात. पण चूक तुमची नाही. रूपलीबाई माझी पक्षकार नाही. मी वीरसिंगची वकील आहे. तिचे वकीलपत्र तरुणकडे आहे.

तुमचे पत्र आले तेव्हा तिसऱ्या परिच्छेदातच मला तुमचा गैरसमज कळला होता. मी त्याच दिवशी लिहायला हवे होते. मी नाही लिहिले. तुम्ही "राहू दे" म्हटले होते, आणि मला नेमके तेच दोन शब्द हवे होते. ते तुम्ही रूपलीबाईच्या वकिलाला दिले होते, हे माहीत असून मी ते उचलले.

मग मी माझ्या पत्राची कच्ची प्रत काढून पाहिली. (मी अजून कच्चे लिहून मग पक्के करते.) त्यात मी कोणाच्या बाजूने उभी आहे हे एकदाही नाही. "तिला विचारले गेले" असे लिहिले आहे. विचारणारी मीच होते. चतुःसीमा तिला सांगता येणार नाहीत, म्हणून विचारले होते.

काल धुळ्याहून येताना एसटीत दुपारी डुलकी लागली. कोर्टात घोट्यापर्यंत पाणी होते. फायली तरंगत होत्या आणि कोणी घाबरलेले नव्हते. शिपाई नाव पुकारत होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता, म्हणजे तुमचे जग असेल ते. मी उभी राहिले. वादीच्या टेबलाकडे जायचे की प्रतिवादीच्या, ते आठवेना. दोन्ही टेबले हळूहळू एकमेकांपासून दूर वाहत गेली. शहाद्याच्या स्टँडवर कंडक्टरने उठवले.

मी कोणाशी अप्रामाणिक झाले ते मला मोजता येत नाही. निकाल छापला असता तर वीरसिंगशी? नाही छापला म्हणून तरुणशी? का कोर्टाशी? वीरसिंग वाईट माणूस नाही. तीन मुलगे आहेत, जमीन तेवढीच आहे. माझ्याकडे येतो तेव्हा चपला दाराबाहेर काढतो, मी कितीही सांगितले तरी.

रागवा, पण लिहा.

चेतना


सारंगखेडा,
४ सप्टेंबर

चि. चेतना हिस,
आशीर्वाद.

रागावलो नाही. आधी हसलो, एकटाच, मोठ्याने. काजल धावत आली, तिला वाटले पडलो. मग हसू गेले.

माझे ऐक. तुझ्या पहिल्या पत्रात बाईचे शेत होते, नाला होता, दगडावरचे ऊन होते. वीरसिंगचे नाव एकदा. मी चाळीस वर्षे कैफियती वाचल्या. कोणाची वकील कोण, हे मी नावावरून ओळखत नाही, कोणाबद्दल किती लिहिले त्यावरून ओळखतो. या वेळी फसलो. तू स्वतःही फसली असशील.

तुला मोजता येत नाही म्हणतेस. मला येते. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पक्षकाराची. ती तू माझ्यासमोरही बोलू नकोस. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र कोणाच्या खिशातला नसतो. तो आपल्या विरुद्ध असला तर त्याच्याशी भांडावे, वेगळा आहे म्हणावे, आपली रूढी दाखवतो म्हणावे. पण तो नाहीच असे वागता येत नाही. न्यायाधीशासमोर उभे राहून, माहीत असून, गप्प राहणे हे खोटे बोलणेच आहे, फक्त आवाज न करता. आवाज न करता काय काय होते, ते मला आता जास्त कळते.

आणि दुसरे. तू माझ्या सल्ल्याच्या आड उभी राहिलीस. ती जागा मोकळी कर. तिथे सावली नाही.

आधी वीरसिंगला सांग. कोर्टाला नंतर, तरुणला त्याच्याही नंतर. पक्षकाराला कोर्टात कळले, तर तो आयुष्यभर कुठल्याच वकिलाकडे चपला काढणार नाही.

मी तरुणला पोस्टकार्ड लिहायला घेतले होते. पत्ताही घातला. ते टाकणार नाही. ते माझे काम नव्हे.

नवनीतमामा


शहादा,
११ सप्टेंबर

ती. मामा,
सा. न.

म्हसावदला जाऊन आले, बाजाराच्या दिवशी. वीरसिंग मिरच्या घेऊन बसला होता. ऊन आणि ढग एकामागून एक येत होते, मिरच्या मध्येच लाल दिसत, मध्येच काळ्या. मी त्याच्या शेजारी गोणपाटावर बसले. तो संकोचला आणि थोडा सरकला.

मी सगळे सांगितले. निकाल काय आहे, तो आपल्या विरुद्ध कसा जातो, आणि सोळा तारखेला मी स्वतः तो कोर्टापुढे ठेवणार आहे.

त्याने एका गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून दिल्या. मग म्हणाला, "ताई, तू कोन्ही वकील शेस? मन्ही का तिन्ही?"

"तुमची."

"मंग हाऊ कागद माले कसाले दखाडस? दपाडी ठेव ना."

"तो लपवता येत नाही. कोर्टाशी खोटे वागणे होईल. तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर मी आज सही देते."

"दुसरा दपाडी?"

"माहीत नाही."

"आन् तू? तुले कवयपाइन मालूम शे?"

मी म्हणाले, "महिना झाला. मी दपाडला होता."

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग हसला, इतका की शेजारची भाजीवाली वळली. "मंग तू बी आमनाच मायक शे!" म्हणाला. "माले वाटे, काळा कोटवाला लोके येगळा ऱ्हातस."

त्यानंतर तो त्याच्या वडिलांबद्दल बोलला. शेवटच्या पावसाळ्याबद्दल. मिरच्यांवरून हात फिरवत, कोणाला सांगतो आहे हे विसरल्यासारखा बोलला. ते मी इथे लिहिणार नाही, तुम्हालाही नाही. तुम्हीच सांगितले आहे, आणि तुम्ही सांगितले नसते तरी नसते लिहिले. एवढेच लिहिते, की परतताना बसच्या खिडकीतून केळीच्या बागा मागे जात होत्या, आणि मला एका शेताच्या बांधावरून दोन माणसे चालताना सारखी दिसत होती, एक म्हातारा आणि एक बाई. मी तिथे कधी गेलेले नाही.

शेवटी तो म्हणाला, "वकील तूच ऱ्हाय. पन मन्हा बाजूनी बी बोल. निस्ता कागद दीसन बशी जाऊ नको."

बोलेन, मामा. ते मला येते. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे.

चेतना


(पोस्टकार्ड)
सारंगखेडा, १४ सप्टेंबर

चि. चेतना,
बरे केलेस. त्याने काय सांगितले ते मी विचारत नाही आणि अंदाजही करत नाही. (करतो, पण लिहीत नाही.)
मंगळवारी अकरा वाजता मी नदीकडे तोंड करून बसेन. ऐकू तसेही काही येणार नाही, तेव्हा इथून तुझे कोर्ट लांब नाही.
नवनीतमामा


शहादा,
बुधवार, १७ सप्टेंबर

ती. मामा,
सा. न.

झाले.

काल आमचा दावा पावणेबाराला पुकारला गेला. तरुण उठला आणि पुन्हा त्याच वारसा कायद्यावर सुरू झाला. माझी पाळी आली तेव्हा मी आधी म्हणाले, तो कायदा इथे लागू नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. तिथे थांबले असते तर दावा तिथेच आटोपला असता, मामा. वीरसिंग मागच्या बाकावर होता. तिकडे पाहायचे मी टाळले. मग मी म्हणाले, "परंतु साहेब, माझ्या पक्षकाराच्या विरुद्ध जाणारा एक निकाल आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे." एक प्रत वर दिली, एक तरुणला.

साहेबांनी सगळा वाचला. वीस मिनिटे तरी. बाहेर पाऊस नव्हता, ऊन नव्हते, खिडकीत नुसता पांढरा उजेड होता, आणि मला वाटले, हे असेच चालू राहिले तरी चालेल, कोणी काहीच ठरवले नाही तरी. मग त्यांनी तरुणला विचारले, "वकीलसाहेब, तुमच्या फायद्याचा आहे, तुम्ही पाहिला नव्हता?" तो म्हणाला, "नाही साहेब." मान खाली. मामा, तुम्हाला त्याचे तोंड बघायचे होते. बघण्यासारखे नव्हते.

नंतर मी वीरसिंगच्या बाजूने बोलले. वाटा नाही अशी रूढी आहे किंवा नाही, हे दाखवायची संधी आम्हाला मिळालेलीच नाही, कारण आजवर ते ओझे तिच्यावर होते. साहेबांनी ते मानले. वादमुद्दा नव्याने काढला. आधी होता, "मुलीला वाटा मिळण्याची रूढी वादी सिद्ध करते काय?" आता आहे, "मुलीला वाटा न मिळण्याची रूढी प्रतिवादी सिद्ध करतो काय?" पुरावा आम्ही द्यायचा. पुढची तारीख १४ ऑक्टोबर. तोपर्यंत ज्याच्या ताब्यात जे आहे ते तसेच. म्हणजे नाल्याकडची ज्वारी रूपलीबाई काढेल. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. वीरसिंग साक्षीला उभा राहिला आणि त्याला शपथेवर वडिलांबद्दल विचारले, तर तो काय सांगेल, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. खोटे सांग असे मी त्याला सांगणार नाही, एवढे त्याला माहीत आहे.

बाहेर तरुणने मला गाठले. "ताई, तू पागल शे का? जिकेल केस!" मग एकदम थांबला. "पन हाई पानमा कसं नई उनं?"

मी म्हणाले, "सांगते." पण सांगितले नाही. माणसे होती. हे कारण खरे आहे, पण पुरे नाही.

चारच्या सुमाराला स्टँडवर गेले होते. म्हसावदची गाडी लागलेली होती. वीरसिंगने खिडकीतून रुमाल टाकून बाक धरला होता, आणि आत जाईपर्यंत रूपलीबाई त्यावर बसली होती. त्या गाडीशिवाय दोघांना दुसरी गाडी नाही.

"ऊठ," तो म्हणाला. "रुमाल मन्हा शे."

"रुमाल तुन्हा," ती म्हणाली, "बाक सरकारना."

आजूबाजूचे हसायला लागले. वीरसिंग जरा वेळ उभा राहिला. मग तिची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिथेच, उरलेल्या जागेत बसला. दोघे दोन दिशांना बघत होते. गाडी निघाली तेव्हाही तसेच.

घरी येऊन ऑगस्टच्या पानाची पुरवणी लिहायला घेतली. निकालाच्या चार ओळी झटकन झाल्या. वर एक वाक्य हवे होते, तो आधी का आला नाही याचे. पहिल्यांदा लिहिले, "नजरचुकीने राहिला." अक्षर सुरेख आले होते. खोडले. मग लिहिले, "काही कारणास्तव." तेही खोडले. आता जे आहे ते चाळीस वकील वाचतील, आणि तरुण चौघडी घालून खिशात ठेवेल किंवा ठेवणार नाही. पान माझ्याकडे ठेवायचे की दुसऱ्याकडे द्यायचे, तेही त्यांनाच ठरवू दे.

आपली,
चेतना

(कच्च्या प्रतीखाली)
उद्या: पुरवणी छापायला देणे. पहिली ओळ, "हा निकाल मागच्या पानात मी मुद्दाम घातला नव्हता."